अभ्यासाची नक्कल आणि स्वतःचा कपडा: अवाँ-गार्द डिझाइनसाठी कामाची पद्धत

अवाँ-गार्द, म्हणजे चौकट मोडणाऱ्या प्रयोगशील कपड्यांच्या छोट्या जगात नक्कल फार काळ लपत नाही. इथे घेणारे थोडे असतात आणि बहुतेकांची नजर तयार असते. उसवलेला काठ, एका बाजूला ओढलेला गळा, बोटांच्या खाली लोंबणारी बाही आणि काळ्याच्या चार छटा एकत्र आणल्या की कपडा ‘त्या पंथातला’ दिसतो, पण तो कोणी केला हे त्यावरून कळत नाही. दुसरीकडे, नक्कल होईल या भीतीने कोणाचं काम जवळून पाहायचंच नाही असं ठरवणाऱ्यांचं शिवणकाम कच्चं राहतं आणि आधीच सुटलेले प्रश्न सोडवण्यात त्यांची वर्षं जातात.

आमचं मत स्पष्ट आहे. नक्कल जरूर करावी आणि टाचण्या, टेप, कात्री घेऊन पुरती करावी. पण ती रचना समजण्यासाठी असावी. विकायचा कपडा स्वतःच्या नियमातून यावा आणि तो नियम प्रत्येक तुकड्यात पाळलेला असावा. खालची पद्धत पॅटर्न काढता येणाऱ्या आणि मशीनवर हात बसलेल्या माणसासाठी आहे.

आधी कपडा शब्दांत उतरवा

फोटो जमवून भिंतीवर लावले की डोळा दिसण्याची नक्कल करतो. म्हणून ज्या कपड्याने ओढून घेतलं आहे, त्याची एक पानभर नोंद करा आणि फोटो बाजूला ठेवून द्या. नोंदीत सहा गोष्टी हव्यात: कपड्याने कोणता प्रश्न घेतला आहे, आकाराचा नियम काय, कामाचा क्रम काय, कापड कोणतं, काठ आणि शिवणी कशा संपवल्या आहेत, आणि त्या डिझायनरची ओळख ठरलेली खूण कोणती.

नोंद क्रियापदांत लिहा. ‘गूढ, काव्यमय’ असे शब्द कामाचे नाहीत. ‘मुंढा (बाही जिथे जोडतात ती खाच) पुढे सरकवला आहे, त्यामुळे टेबलावर ठेवल्यावर जॅकेट सपाट पडतं आणि घातल्यावर खांद्यापाशी घडी उभी राहते’ असं वाक्य कामाचं आहे.

बेल्जियन डिझायनर मार्टिन मार्जिएलाने १९९४ च्या हिवाळी संग्रहात बाहुलीचे कपडे ५.२ पट मोठे करून माणसांच्या मापाचे केले. वरवर पाहणाऱ्याला त्यात फक्त ढगळ कपडे दिसतील. खरा नियम काटेकोर होता: बाहुलीच्या कपड्यात जे जे बेढब असतं, ते सगळं त्याच पटीने वाढवायचं. बटणं, चेन, लोकरीची जाडी, सगळ्यांनाच हा नियम लागू झाला. ढगळपणा उचलला तर हातात ढगळ स्वेटर येतो. ‘एक प्रमाण घेऊन ते बारीकसारीक गोष्टींनाही लावायचं’ ही शिस्त मात्र कोणालाही घेता येते. तुम्ही वेगळं प्रमाण किंवा वेगळा मूळ कपडा निवडलात, तर निकाल आपसूक वेगळा येतो.

जपानी डिझायनर रेई कावाकुबोच्या १९९७ च्या उन्हाळी संग्रहातले गाठोड्यांसारखे फुगवटे असेच चुकीचे वाचले जातात. नक्कल करणारा साध्या सुती ड्रेसला आतून उशी टाकतो. कापड ताणत नसल्याने शिवण फुगवट्याच्या कडेला ओढली जाते, चालताना उशी खाली घसरते आणि ती उशीच दिसते. मूळ संग्रहात ताणणारं कापड फुगवट्यांवर घट्ट बसत होतं. त्यामुळे शरीर कुठे संपतं आणि भर कुठे सुरू होते, हे डोळ्याला ठरवता येत नव्हतं. कापड हा त्या प्रश्नाचाच भाग होता.

कामाचा क्रम ही गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. जपानी डिझायनर इस्सी मियाके यांच्या प्लीटच्या कपड्यांत आधी कपडा अडीच ते तीन पट मोठा कापून शिवला जातो आणि नंतर कागदाच्या थरांत घालून उष्णतेने प्लीट पाडल्या जातात. बाजारातल्या प्लीटच्या कापडातून कपडा कापला, तर शिवणीपाशी प्लीट दबतात, मुंढ्याची रेघ तुटते आणि काठ पसरतो. सुती कापडावर हा प्रयोग केला तर पहिल्या धुण्यातच प्लीट जातात, कारण उष्णतेने आकार धरून ठेवण्याचा गुण पॉलिएस्टरचा आहे.

अभ्यासाची प्रत

ज्या कपड्यातून शिकायचं आहे तो, किंवा तशाच रचनेचा जुना कपडा, हातात असेल तर न उसवता पॅटर्न उतरवता येतो. आधी कपड्यावर ताणा-बाणा शोधा. मध्यरेषेवर उभा आणि छाती व नितंबाच्या पातळीवर आडवा धावदोरा वेगळ्या रंगाच्या धाग्याने घाला. मऊ बोर्डावर कागद पसरा, त्यावर तेवढा एकच तुकडा ठेवा आणि धावदोरा कागदावरच्या सरळ रेषेवर बसवा. मग मधून कडेकडे कापड सपाट करत जा आणि शिवणीवर दर २ सेंमीला टाचणी सरळ खाली टोचा. वळणावर दर १ सेंमीला. टाचण्या काढल्यावर उरलेली भोकं वक्रपट्टीने जोडा.

तुकडा एका बैठकीत सपाट होत नसेल, तर त्याला डार्ट (आकारासाठी शिवलेली निमुळती चिमटी) आहे किंवा इस्त्रीने आकार दिलेला आहे. जबरदस्तीने सपाट करू नका. कापड जिथे उचललं जातं तिथे कागदाला चीर द्या, तो भाग वेगळा उतरवा आणि चिरेचं अंतर लिहून ठेवा. त्या अंतरातच शिकण्यासारखं बरंच असतं.

सगळे तुकडे झाले की जोडीच्या शिवणी मोजा. ३ मिमीपर्यंतचा फरक हाताचा समजा. त्याहून जास्त आला तर तीन कारणं तपासा: वापराने उरेब (धाग्याला तिरका कापलेला) भाग ताणला गेला आहे, एका बाजूला मुद्दाम ढिलाई (थोडं जास्तीचं कापड) देऊन शिवलं आहे, किंवा धावदोरा सरकला आहे. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा २ ते ४ सेंमी मोठा निघाला तर ती बहुधा ढिलाईच आहे. ती ‘दुरुस्त’ करून टाकली तर बाही पुढे पडत नाही आणि प्रतीचा अर्थच जातो.

प्रत मांजरपाटात शिवा. काळ्या कापडात नको, कारण काळ्यात सगळ्या चुका झाकल्या जातात. आतल्या बाजूला ‘अभ्यास’ हा शब्द, मूळ डिझायनरचं नाव आणि तारीख न पुसणाऱ्या शाईने लिहा. ही प्रत विकायची नाही, भेट द्यायची नाही आणि स्वतःचं काम म्हणून दाखवायची नाही. प्रत घातल्यावर नोंदीतलं वाक्य खरं ठरतं का ते पाहा. नसेल ठरत तर तुम्ही दिसणं उतरवलं आहे आणि रचना हुकली आहे.

नियम बदला, आणि शेवटपर्यंत न्या

इथून पुढचं काम स्वतःचं. सर्वसाधारण चूक म्हणजे प्रतीलाच थोडं फिरवणं: गळा बदलला, बाही लांब केली, एक खिसा वाढवला. असं कितीही केलं तरी मूळ कपडा आत जागाच राहतो. त्याऐवजी प्रश्न बदला.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. सुरुवातीच्या नोंदीतल्या सपाट पडणाऱ्या जॅकेटचा प्रश्न असा होता: न घातलेला कपडा कसा असतो? आपला प्रश्न असा घेऊ: टेबलाशी वाकून काम करणाऱ्या शरीरासाठी जॅकेट कापलं, तर तेच शरीर उभं राहिल्यावर काय दिसेल?

त्या शरीराची मापं दोनदा घ्या, एकदा ताठ उभं राहून आणि एकदा बसून, हात टेबलावर, मान पुढे. घ्यायची मापं अशी: मानेच्या हाडापासून कंबरेपर्यंत पाठ, दोन मुंढ्यांमधली पाठीची रुंदी, खांद्यापासून कोपरावरून मनगट, काखेपासून मनगट, गळ्याच्या खळीपासून कंबर आणि नितंबांचा घेर. समजा पाठीची रुंदी ३६ वरून ४२ झाली, पाठीची लांबी ३ सेंमीने वाढली, कोपरावरून बाही ५८ वरून ६२ झाली आणि पुढची लांबी ४० वरून ३४ वर आली. हे आकडे शरीरागणिक बदलतात. ज्याच्यासाठी करायचं त्यालाच मोजा.

पाठीच्या तुकड्यावर खांद्याच्या फऱ्यावरून जाणारी उभी रेघ मारा, कापा आणि ३ सेंमी उघडा. तुकडा अर्ध्या पाठीचा असल्याने पूर्ण पाठीला ६ मिळतात. मग फऱ्याच्या पातळीवर आडवं कापून मध्यरेषेला ३ सेंमी उघडा आणि मुंढ्याकडे शून्यावर आणा. पुढच्या तुकड्यात छाती आणि कंबर यांच्यामध्ये मध्यरेषेला ६ सेंमीची घडी घाला. बगलेच्या शिवणीशी ती शून्य व्हायला हवी, म्हणजे पुढची आणि मागची बगल जुळलेली राहते. दोन तुकड्यांची बाही असेल तर दोन्ही तुकडे कोपराच्या पातळीवर कापून मधल्या बिंदूभोवती फिरवा, मागच्या शिवणीकडे ४ सेंमी उघडेल इतके. पुढच्या शिवणीकडे साधारण तेवढंच एकमेकांवर चढेल. दोन्ही तुकड्यांच्या मागच्या शिवणी सारख्या लांबीच्या आहेत ना, हे शिवण्याआधी मोजा. एकाच तुकड्याला फिरवलं तर बाही पिळली जाते.

वाकलेल्या कोपराची बाही ही काही नवी गोष्ट नाही. मोटरसायकलच्या जॅकेटांत आणि गिर्यारोहणाच्या कपड्यांत ती सर्रास सापडते. तंत्र सगळ्यांचं आहे. तुमचा भाग सुरू होतो तो त्यानंतरच्या निर्णयांत. माणूस उभा राहिला की पाठीतलं जास्तीचं कापड कुठेतरी जमणार, पुढचा काठ वर चढणार, कॉलर मानेपासून सुटणार. यातलं काय ठेवायचं आणि काय दुरुस्त करायचं?

बेढब शिवलेला कपडा आणि ठरवून आलेला आकार यांतला फरक इथे कळतो. ठरवून आलेली घडी प्रत्येक वेळी कपडा घातल्यावर त्याच जागी पडते. तिचं एक टोक शिवणीतून निघतं आणि दुसरं दुसऱ्या शिवणीत किंवा काठात संपतं. चुकीची घडी अधांतरी सुरू होते, तिरकी जाते आणि दर वेळी जागा बदलते. म्हणून उभ्या रेघेवर उघडलेले ३ सेंमी मोकळे सोडू नका. तिथे खरी शिवण घ्या किंवा प्लीटची धार इस्त्रीने पक्की करा. ३५० ते ४०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं घट्ट लोकरी कापड ही घडी धरतं. मऊ व्हिस्कोसमध्ये तीच घडी गळून पडते आणि पाहणाऱ्याला वाटतं की माप चुकलं. कॉलर सुटते ती मात्र दुरुस्त करा, कारण बसल्यावरही ती सुटलेलीच राहिली तर तुमचाच नियम मोडतो. पुढचा काठ चढलेला ठेवा. उभ्या शरीरावरचा तो तिरका काठ कोणाच्या असमान काठाची आठवण म्हणून आलेला नाही, मापातून आलेला आहे.

असे पर्याय पूर्ण मापात करत बसलं तर कापड आणि दम दोन्ही संपतात. अर्ध्या मापाच्या पुतळ्यावर चार-पाच पर्याय करा. फ्रेंच डिझायनर मादलेन व्हिओने लहान लाकडी पुतळ्यावरच आकार शोधत असत. लांबी अर्धी झाली की कापड चौथ्या हिश्शाने लागतं. मात्र कापडाचा कडकपणा त्याबरोबर अर्धा होत नाही, म्हणून मांजरपाटाऐवजी पातळ मलमल घ्या, नाहीतर घड्या आहेत त्याहून ठसठशीत दिसतात आणि पूर्ण मापात निराशा होते. डार्ट आणि काठ यांचा निर्णय अर्ध्या मापात घेऊच नका.

ज्युलियन रॉबर्ट्स यांची वजाबाकीची कटिंग (कापडातून भोकं कापून आकार काढणं) किंवा शिंगो सातो यांची पुतळ्यावरच्या टॉइलवर (साध्या कापडातल्या चाचणीच्या कपड्यावर) रेघा मारून ती कापण्याची रीत यांसारख्या पद्धती त्या लोकांनी स्वतः शिकवल्या आहेत. त्या वापरण्यात गैर काही नाही. फक्त नवशिक्याच्या हातून या पद्धतींतून सगळ्यांचे कपडे एकाच घरातले निघतात, कारण पद्धत जोरकस असते आणि प्रश्न नसतो.

कच्चा काठ, रंग आणि उधार दिसणं

कच्चा काठ, उलट्या शिवणी, फिका पडलेला रंग ही आता कोणा एकाची मालमत्ता उरलेली नाही. तशीच ती कोणाची नवी कल्पनाही नाही. वापरायच्या असतील तर त्या टिकतील अशा करा, कारण अर्धवट केलेला कच्चा काठ धुतल्यावर नुसता फाटका दिसतो. काठापासून ३ मिमी आत, १.५ मिमी टाक्याची एक शिलाई घाला. उभ्या-आडव्या धाग्याला समांतर कापलेल्या काठाचे अख्खे धागे सुटतात. नेमक्या ४५ अंशाच्या उरेब काठाचे फार कमी. फेल्ट केलेल्या लोकरीला काहीच करावं लागत नाही. २० सेंमीचा चौकोन त्याच शिवणीसह शिवा, पाच वेळा धुवा आणि मगच ठरवा.

शिवून झाल्यावर अख्खा कपडा रंगवायचा असेल तर धाग्यापासून सुरुवात करा. सुती कपड्याचा रिॲक्टिव्ह रंग पॉलिएस्टर धागा घेत नाही, त्यामुळे सगळ्या शिवणी पांढऱ्या उठून दिसतात. चेनच्या पट्टीचंही तेच. कापडाला कडकपणा देण्यासाठी आतून चिकटवलेलं फ्युजिंग गरम पाण्यात फुगे धरतं. त्याऐवजी शिवलेला सुती कॅनव्हास घाला. आटण्यासाठी ५० सेंमीचा चौकोन आखून रंगवा आणि ताणा व बाणा वेगवेगळे मोजा. ५० चे ४७ झाले तर आटणं ६ टक्के, पण पॅटर्न ६ टक्क्यांनी वाढवून भागत नाही. ५० ला ४७ ने भागा: १.०६४. तयार लांबी १०० हवी असेल तर १०६.४ कापावं लागतं.

विकण्याआधीची तपासणी

कपड्याचा समोरून, मागून आणि बाजूने फोटो घ्या आणि तो पूर्ण काळा करा, म्हणजे फक्त बाह्यरेषा राहील. ज्या कपड्यातून सुरुवात झाली त्याचीही तशीच बाह्यरेषा शेजारी ठेवा. या जगातलं काम ओळखणाऱ्या तिघांना नावं न सांगता विचारा. दोघांनी एकच नाव घेतलं तर परत टॉइलवर जा.

मग कपड्यातल्या दहा ठळक गोष्टी लिहा आणि प्रत्येकीपुढे ‘ही इथे का आहे’ याचं उत्तर मापात, कापडात किंवा वापरात द्या. ‘अमक्याने अशी केली म्हणून’ एवढंच उत्तर असेल तर ती गोष्ट काढा. काढल्यावर कपडा कोसळला, तर तो त्या अमक्याचाच कपडा होता. ओळख ठरलेल्या खुणांबाबत आम्ही कडक आहोत: पाठीवर बाहेरून दिसणारे मार्जिएलाचे चार पांढरे टाके किंवा ठिबकलेल्या रबराचा तळ या गोष्टी उचलू नयेत, ‘सलाम’ म्हणूनही नाही. अंगठा वेगळा असलेला बूट मार्जिएलाने जपानी ताबीवरून (तसाच अंगठा वेगळा असलेल्या पारंपरिक पायताणावरून) घेतला हे खरं. पण ताबीकडे जायचं असेल तर थेट ताबीकडे जा, त्याचा तळ, त्याच्या कड्या आणि तो घालून काम करणारा पाय अभ्यासा. मार्जिएलाच्या टाचेवरून गेलात तर तिथेच अडकाल.

मूळ कपडा जुना किंवा विसरलेला असला म्हणून तो मोकळा होत नाही. डिझायनर निकोला गेस्किएरने २००२ साली बालेन्सियागा या फॅशन घरासाठी केलेली तुकड्यांची बंडी अमेरिकन डिझायनर कायसिक वाँगच्या १९७३ च्या बंडीशी हुबेहूब जुळली आणि ते त्याला मान्य करावं लागलं. एखाद्या समाजाचं पिढीजात भरतकाम किंवा कट घ्यायचा असेल तर तिथे ही बाह्यरेषेची तपासणी पुरत नाही. आधी त्या लोकांची परवानगी, मग नाव आणि मग पैशातला वाटा, याच क्रमाने जावं.

श्रेय आणि कागदपत्रं

हुबेहूब प्रत उघडपणे करायची असेल तर तशी लेबलवर लिहा. मार्जिएलाच्या घराने १९९४ पासून सापडलेल्या जुन्या कपड्यांच्या प्रती केल्या आणि लेबलवर कपड्याचा प्रकार, मूळ ठिकाण आणि काळ छापला. त्यामुळे नक्कल हाच त्या कपड्याचा विषय झाला. जिवंत, काम करत असलेल्या डिझायनरच्या चालू कपड्याची प्रत मात्र लेबल लावूनही विकू नये.

कायदा देशागणिक बदलतो. अमेरिकेत कपड्याचा कट आणि आकार यांना कॉपीराइट मिळत नाही. कपड्यापासून वेगळी काढून पाहता येईल अशा कलाकृतीला मिळू शकतो, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्टार ॲथलेटिका खटल्यात मांडलं. फ्रान्सचा दृष्टिकोन कडक आहे; १९९४ मध्ये पॅरिसच्या व्यापारी न्यायालयाने टक्सिडो ड्रेसच्या वादात राल्फ लॉरेनविरुद्ध इव्ह सँ लोराँच्या बाजूने निकाल दिला. युरोपीय संघात नोंदणी न केलेल्या डिझाइनलाही ३ वर्षं संरक्षण असतं, नोंदणी केली तर नूतनीकरण करत २५ वर्षांपर्यंत. तिथे जाणकार वापरणाऱ्यावर पडणारा एकूण ठसा वेगळा आहे का, हे पाहिलं जातं.

ती ३ वर्षं डिझाइन पहिल्यांदा लोकांसमोर आलं त्या दिवसापासून मोजली जातात. म्हणून प्रत्येक टॉइलचा तारखेसह फोटो, दोन्ही मुद्रांची मापं, फेटाळलेले पर्याय आणि पहिल्या जाहीर प्रदर्शनाचा पुरावा एका फाइलमध्ये ठेवा. अभ्यासाच्या प्रतीचाही फोटो त्यात असू द्या. सुरुवात कुठून झाली आणि कोणत्या टॉइलला वाट बदलली हे त्यातून दाखवता येतं, आणि कोणी तुमच्यावर नकलेचा आरोप केला तर उत्तरादाखल हीच फाइल पुढे ठेवायची.